जुन्या नौकेस नवी लाट

नौका बांधणाऱ्यांचें शास्त्र हजारों वर्षें एकाच गोष्टीच्या पाठीस लागलेलें होतें. नौकेनें पाणी शक्य तितक्या हळुवारपणें कापावें आणि आपल्या मागें शक्य तितकी लहान लाट ठेवावी, ही ती गोष्ट. मागें उठणारी लाट म्हणजे वाया गेलेली शक्ति. विल्यम फ्रूड या इंग्रज एंजिनिअरानें १८७० नंतरच्या दशकांत टॉर्की येथें एक लांब हौद बांधून, त्यांतून मेणाच्या लहान लहान नौका ओढून, ही वाया जाणारी शक्ति मोजण्याची रीत घालून दिली. आणि मोठमोठ्या जहाजांचे आराखडे आजही अशाच हौदांतून पारखले जातात. अशा या काटकसरी शास्त्राच्या पोटीं अलीकडे एक उधळें अपत्य जन्मास आलें आहे. अमेरिकेंतील गोड्या पाण्याच्या तळ्यांवर आज अशा नौका फिरतांना दिसतात कीं, त्यांच्या धन्यास वेगाची पर्वा नसते आणि इंधनाची त्याहून नसते. मागची लाट किती उंच उठली एवढेंच तो पाहतो. ती उंच उठावी म्हणून तो नौकेंत मुद्दाम पाणी भरतो, तिची पिछाडी बुडवितो आणि तिला एका अंगावर कलवितो. कोंकणांतल्या एखाद्या अनुभवी तांडेलास हें दृश्य दाखविलें तर यजमानांची प्रकृति ठीक आहे ना, असें तो विचारल्यावांचून राहणार नाहीं.

हा सारा खटाटोप ज्या खेळासाठीं चालतो, त्यास वेकसर्फिंग म्हणतात. खेळणारा एका आंखूड रुंद फळीवर उभा राहतो. आरंभीं नौकेस बांधलेली दोरी तो हातांत धरतो. परंतु एकदां लाटेच्या उतरणीवर नीट बसला कीं, ती दोरी तो नौकेंत टाकून देतो आणि केवळ लाटेच्या रेट्यानें नौकेच्या मागें, पांच-दहा फुटांच्या अंतरावर, तिच्याबरोबर चालूं लागतो. वेग ताशीं दहा-अकरा मैलांचा, म्हणजे चांगल्या सायकलवाल्याच्या वेगाहूनही कमी. पडलें तरी फारसें लागत नाहीं. त्यामुळें दहा वर्षांच्या मुलापासून साठीच्या गृहस्थापर्यंत सर्वांना तो साधतो आणि कुटुंबांत तो लोकप्रिय झाला आहे, यांत नवल नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें तिकडे तळ्यांच्या मुलुखांत स्थायिक झालीं आहेत आणि उन्हाळ्यांत त्यांच्याकडे राहावयास गेलेल्या आजी-आजोबांवर नौकेंत बसण्याचा प्रसंग येतो. तेव्हां हा विषय वाटतो तितका दूरचा नाहीं.

या खेळासाठीं खास बांधलेल्या नव्या नौकेस एक लाख डॉलरांहून अधिक पैसे पडतात. म्हणून पंधरावीस वर्षांपूर्वींची, वेकबोर्ड नांवाच्या आधींच्या खेळासाठीं बांधलेली नौका थोडक्या किंमतींत घ्यावी आणि तिला हें नवें काम शिकवावें, असा विचार पुष्कळ मध्यम स्थितींतील लोक करतात. विचार वाईट नाहीं. तो सिद्धीस नेतां येतो. परंतु लाट कांहीं फुकट मिळत नाहीं. नौकेच्या तरंगण्याची जी शिल्लक असते, तींतून ती उसनी घ्यावी लागते. आणि जुन्या नौकेची ही शिल्लक मुळांतच किती उरली आहे, हें पाहिल्याखेरीज उसनवारी करूं नये.

नौकेची वंशावळ थोडी ठाऊक असली म्हणजे तिचा स्वभाव समजतो. २ जुलै १९२२ रोजीं मिनेसोटांतील पेपिन तळ्यावर राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या तरुणानें दोन फळ्या पायांस बांधून नौकेमागें धांवण्यांत पहिलें यश मिळविलें. त्या जलस्कीच्या खेळास लाट म्हणजे अडथळा. त्यासाठीं हलक्या, सपाट तळाच्या आणि मधोमध एंजिन असलेल्या नौका निघाल्या. १९८५ च्या सुमारास टोनी फिन यानें दोन फळ्यांच्या जागीं एक रुंद फळी आणली, आणि १९९० नंतर तिचा वेकबोर्ड झाला. आतां खेळणाऱ्यास लाटेवरून उडी मारावयाची होती. साहजिकच दोन्ही बाजूंस सारख्या उंचीच्या, टणक माथ्याच्या लाटा हव्या झाल्या. एंजिन पिछाडीस गेलें, तळाशीं पाण्याच्या टांक्या आल्या आणि दोरी उंचावर बांधण्यासाठीं नौकेवर कमान उभी राहिली. हीच आपली जुनी नौका. ती वजन वाहण्यास तयार आहे. परंतु दोन्ही बाजू सारख्या राखण्याची तिला शिकवण, आणि वेकसर्फिंगला हवी असते एकाच बाजूची लाट.

नौका निवडतांना पहिला प्रश्न पंख्याचा. ज्या नौकेचा पंखा पिछाडीच्या बाहेर, उघड्यावर फिरतो, तिच्यामागें हा खेळ खेळूं नये. खेळणारा पांच-दहा फुटांवर असतो, पडला कीं फिरत्या पात्यांच्या शेजारींच असतो. यावर तोड नाहीं. बाहेर जोडलेलें परंतु पंखा पुढें तोंड करून नौकेच्या पोटाखालीं फिरविणारें एक यंत्र २०१५ पासून मिळूं लागलें आहे, पण तें नव्या नौकांसाठीं. जुन्या वेकबोर्ड नौकांचा पंखा तळाखालीं, पिछाडीच्या पुष्कळ आंत असतो आणि त्याच्यामागें सुकाणू. हीच रचना या कामास योग्य.

आतां लाट कशी तयार होते तें पाहूं. खोल पाण्यांत ताशीं साडेदहा मैल वेगानें चालणारी लाट एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंत सुमारें ४६ फूट लांब असते, हें गणितानें निघतें. आपली नौका २१-२२ फुटांची. म्हणजे स्वतःच्या लाटेच्या जवळजवळ निम्मी. तिची नाळ पुढच्या शिखराच्या चढावर चढलेली असते आणि पिछाडी खोलग्यांत बसलेली असते. वेग वाढविला तर नौका त्या चढावरून निसटून पाण्याच्या पाठीवर धांवूं लागते आणि लाट सपाट होते; कमी केला तर लाट आंखूड होऊन तिच्यांत माणसास रेटण्याची ताकद राहत नाहीं. पिछाडीनें पाण्यांत जो खड्डा पाडलेला असतो, तो भरून काढण्यास डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचें पाणी आंत धांवतें आणि मधोमध आदळून वर उसळतें. दोन्ही बाजूंचें पाणी एकाच क्षणीं भेटलें तर मध्यें नुसता फेस माजतो आणि कोणतीच लाट धड राहत नाहीं. एका बाजूचें पाणी जरा उशिरां पोंचलें, तर दुसऱ्या बाजूची लाट गुळगुळीत, उंच आणि लांब होते. साऱ्या करामतीचें बीज या उशिरांत आहे.

हा उशीर घडवून आणण्याचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग वजनाचा. ज्या बाजूस लाट हवी तिकडे नौका कलवावयाची. आपल्या दर्यावर्दी लोकांत गलबताच्या तळाशीं घालावयाच्या वजनास नीरम म्हणतात; येथें नीरम म्हणून तळ्यांतलेंच पाणी वापरतात. जाड प्लॅस्टिकच्या कापडाच्या मोठ्या पिशव्या मिळतात. त्या विजेच्या पंपानें भरतात आणि दिवस संपला कीं रिकाम्या करतात. अमेरिकन गॅलनभर पाणी सुमारें ८.३ पौंड भरतें, म्हणजे नव्वद गॅलनांची पिशवी साडेसातशें पौंडांची झाली. २१-२२ फुटी नौकेंत मूळच्या टांक्या धरून एकंदर दीड ते अडीच हजार पौंड पाणी लोक घालतात. सर्वांत मोठी पिशवी लाटेच्या बाजूस, पिछाडीच्या कोपऱ्यांतील कपाटांत. दुसरी त्याच बाजूच्या बैठकीवर किंवा तिच्या खालीं. आणि थोडें वजन नाळेकडे. या शेवटच्याचें नवशिक्यांस आश्चर्य वाटतें. परंतु केवळ पिछाडी बुडविली तर लाट उंच पण आंखूड आणि उभट होते, व खेळणारा नौकेच्या अगदीं जवळ येऊन पडतो. नाळेकडे वजन घातलें कीं लाट लांबते. पिछाडीचें वजन उंची देतें आणि नाळेचें लांबी देतें, इतकें ध्यानांत धरलें तरी पुष्कळ काम होतें.

नीरमांत माणसेंही धरावीं लागतात. सहा माणसें म्हणजे हजार पौंडांच्या आसपास वजन झालें, आणि तें जागेवरून उठणारें वजन. मावशी फराळाचा डबा काढण्यासाठीं या बैठकीवरून त्या बैठकीवर गेल्या कीं मागें नातू लाटेवरून घसरलाच. म्हणून पंगत बसली कीं फिरती सुरू असेपर्यंत पान हलवूं नये, हा नियम येथेंही लागू.

दुसरा मार्ग पाणी अडविण्याचा. २०१३ सालच्या नमुन्यांपासून मोठ्या कारखानदारांनीं पिछाडीच्या दोन्ही कडांस यंत्रानें उघडझाप करणारीं झडपें बसविण्यास आरंभ केला. ज्या बाजूची लाट नको, तिकडचें झडप बाहेर निघून त्या बाजूचें पाणी थोपवून धरतें. जुन्या नौकेसाठीं याचीच गरिबी आवृत्ति निघाली आहे. हातभर लांबीचें एक प्लॅस्टिकचें पातें असतें; तें हवा काढून घट्ट चिकटणाऱ्या रबरी वाट्यांनीं नौकेच्या कुशीस, पाण्याच्या रेषेखालीं, पिछाडीच्या अगदीं जवळ लावतात. तें लावावयाचें लाटेच्या विरुद्ध बाजूस. पुष्कळजण पहिल्या दिवशीं नेमकें उलट करतात आणि विकणाऱ्यास दोष देतात. पृष्ठभाग ओला पण स्वच्छ असावा, आणि पातें निसटून बुडूं नये म्हणून त्यास दोरी बांधून ती नौकेस अडकवावी. माझ्या मतें जुन्या नौकेवर खर्चावयाचे पहिले पैसे या पात्यावर खर्चावे. कारण असें कीं, तें लावलें म्हणजे नौका फार कलवावी लागत नाहीं, दोन्ही बाजूंस जवळपास सारखें वजन ठेवून भागतें, आणि उसनवारी कमी होते.

बाजू कोणती हें खेळणाऱ्याच्या पायांवर ठरतें. डावा पाय पुढें ठेवणाऱ्यास डावी लाट सोयीची, कारण त्याची छाती लाटेकडे होते. उजवा पाय पुढें ठेवणाऱ्यास उजवी. जुन्या नौकेच्या मात्र स्वतःच्या आवडीनिवडी असतात. पंखा ज्या दिशेनें फिरतो, त्याच्या उलट दिशेस नौका थोडी कलते. शिवाय चालकाचें वजन बहुधा उजव्या बाजूस. त्यामुळें एक बाजू विनासायास साधते आणि दुसरीसाठीं झगडावें लागतें.

वेग स्थिर राखणें हें या खेळांत अत्यंत महत्त्वाचें आहे. अर्धा मैल इकडे-तिकडे झाला तरी लाटेचा रेटा बदलतो. जुन्या नौकांतील वेगमापक पाण्याच्या दाबावर चालतात, आणि नौका जड होऊन वांकडी झाली कीं ते खोटें बोलूं लागतात. उपग्रहावरून वेग मोजून एंजिन आपोआप सांभाळणारें यंत्र नंतरहि बसवितां येतें; तें घ्यावें. जड नौका उचलतांना एंजिन धापा टाकूं लागलें तर कमी पिचाचा पंखा घालावा. मोटार चढावर लहान गिअरमध्यें घ्यावी, तसाच हा प्रकार. आघाडीचा वेग जातो, पण या कामांत त्याची गरज नाहीं. एंजिनास थंड पाणी पुरविणाऱ्या पंपाचें रबरी चक्र दर हंगामास बदलावें.

आतां शिलकेचा हिशेब. अमेरिकेंत २० फुटांखालील नौकांवर किती माणसें व किती वजन चालेल याची पाटी लावणें कायद्यानें आवश्यक आहे. मोठ्या नौकांवर कारखानदार स्वतःची पाटी लावतात. पिशव्यांतलें पाणी या वजनांत धरावें कीं नाहीं, याविषयीं वाद घालणारे लोक भेटतात. त्यांचें म्हणणें, पाण्यांत पाण्याचें वजन कोठें असतें? नौका पुरती भरून बुडाली असेल तर हें खरें. परंतु ती बुडेपर्यंत तें पाणी पुरेंपूर वजन भरतें आणि पाण्यावर राहिलेला कांठ इंचाइंचानें खालीं नेतें. दोन हजार पौंड पाणी म्हणजे बारा माणसें. तीं घेतल्यावर पाटीवरील माणसांची संख्या तशीच ठेवणें हा शुद्ध आत्मघात होय.

जुन्या नौकेंत याखेरीज कांहीं गुप्त शत्रु असतात. १९९० पूर्वींच्या पुष्कळ नौकांत तळाचे वासे लांकडी असत आणि ते कुजलेले असूं शकतात. पोकळीत भरलेला फेस पाणी पिऊन जड झालेला असतो, म्हणजे आपण पहिली पिशवी भरण्याआधींच कांहीं नीरम तेथें बसलेलें असतें. पाणी बाहेर टाकणारीं भोंकें रिकाम्या नौकेंत पाण्याच्या वर असतात. पिछाडी बुडवून नौका कलविली कीं तींच पाण्याखालीं जातात, आणि आंतली नळी उंच वळसा घालून नेलेली नसली तर त्याच वाटेनें तळें आंत येतें. उपसण्याचा पंप मधोमध बसविलेला असतो. नौका कललेली असल्यानें पाणी कोपऱ्यांत सांचतें आणि पंपास त्याचा पत्ताच लागत नाहीं. आपोआप सुरू होणारा दुसरा पंप त्या कोपऱ्यांत बसविणें हें पात्याच्या खालोखाल आवश्यक काम समजावें.

खेळणारा पडला कीं चालकाची परीक्षा. त्यानें एकदम एंजिन बंद केलें तर मागून येणारी स्वतःचीच लाट पिछाडीवरून आंत येते. घाईनें वळून त्याच लाटांवर नाळ घातली, आणि नाळेकडे पिशवी व चार मुलें असलीं, तर समोरून पाण्याचा लोंढा आंत येतो. वेग हळूंहळूं उतरवावा, लाट पुढें जाऊं द्यावी, मग संथपणें वळावें. चालकानें पुढेंच पाहावें. मागें पाहण्यास दुसरें माणूस असावें. अनेक राज्यांत तसा कायदाच आहे.

परंतु या साऱ्याहून मोठें भय डोळ्यांस दिसत नाहीं आणि नाकासहि कळत नाहीं. पेट्रोलच्या एंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. रक्तांतील ज्या द्रव्यानें प्राणवायु वाहून न्यावयाचा, त्यास हा वायु प्राणवायूहून दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो. रक्त वाहत राहतें, पण प्राणवायु पोंचत नाहीं. नौका पुढें जाते तेव्हां तिच्या पिछाडीमागें हवेचा एक पोकळ भोंवरा तयार होतो आणि धूर त्यांत ओढला जातो. वारा पाठीमागून असला तर तो नौकेंतहि येतो. इतर खेळांत माणूस साठ-सत्तर फूट मागें असतो. वेकसर्फिंगमध्यें तो नेमका या भोंवऱ्याच्या तोंडाशीं दहा-पंधरा मिनिटें उभा असतो. त्यांतून नौका जुनी. धूर शुद्ध करणारीं उपकरणें अमेरिकेंत अशा नौकांवर सामान्यतः २०१० सालच्या नमुन्यांपासून आलीं. त्यापूर्वींचें एंजिन हा वायु कितीतरी अधिक ओकतें.

याचीं लक्षणें फसवीं असतात: डोकें जड होणें, मळमळ, गुंगी. उन्हानें झालें असेल, होडी लागली असेल, असें म्हणून घरचीं माणसें मुलास पिछाडीच्या फलाटावर वाऱ्याला बसवितात, म्हणजे विषाच्या अधिक जवळ नेतात. शुद्ध हरपलेलें माणूस पाण्यांत पडलें कीं तें बुडालें असेंच लोकांस वाटतें. २००० सालीं लेक पॉवेल या विस्तीर्ण जलाशयावर सरकारी तपासनिसांनीं राहत्या नौकांच्या फलाटाखालील हवा तपासली, तेव्हां ती प्राणघातक असल्याचें आढळलें. तेथें धूर वीजयंत्राचा होता, पण फलाटाखालची पोकळी तीच. फलाट हातांनीं धरून चालत्या नौकेमागें लोंबत जाण्याची एक खोडी तरुणांत होती. तिच्यावर कॅलिफोर्नियांत २००५ पासून कायद्यानें बंदी आहे.

तेव्हां एंजिन चालू असतां फलाटावर कोणीही बसूं नये, मग तें कितीही मंद चालत असो. धुराच्या नळ्यांस जोडून धूर पाण्याखालीं, पंख्याच्या प्रवाहांत सोडणारी वळलेली नळी मिळते. ती जुन्या नौकेवर अवश्य बसवावी. नौकेंत या वायूची सूचना देणारी घंटा असावी. दर खेळीनंतर एंजिन बंद करून हवा खेळूं द्यावी, लहान मुलांची पाळी आंखूड ठेवावी, आणि कोणाचेंही डोकें दुखूं लागलें तर त्यास मोकळ्या हवेंत नेऊन वैद्यकीय मदत बोलवावी. नौकेंतल्या प्रत्येकानें, पोहतां येणाऱ्यानेंहि, तरंगण्याचें जाकीट घालावें. दोरी हातास गुंडाळूं नये, आणि सोडलेली दोरी पाण्यांत लोंबत ठेवूं नये.

लाट खेळणाऱ्याच्या पायांखालून निघाली म्हणजे संपत नाहीं. ती कांठापर्यंत जाते. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेनें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें दिसलें कीं, साध्या नौकेची लाट २०० फुटांवर जितकी ओसरते, तितकें ओसरण्यास अशा जड नौकेच्या लाटेस ५०० फुटांहून अधिक अंतर लागतें. किनाऱ्याची माती ढांसळणें, बांधलेल्या होड्या आपटणें, उथळ पाण्यांत तळचा गाळ ढवळून निघणें, या तक्रारी खऱ्या आहेत. व्हर्माँट राज्यानें १५ एप्रिल २०२४ पासून हा खेळ कांठापासून किमान ५०० फूट दूर व किमान २० फूट खोल पाण्यांतच, आणि असें क्षेत्र सलग ५० एकर मिळेल तेथेंच, खेळण्याचा नियम केला आहे. नियम नसेल तेथेंहि हेंच माप पाळलें तर शेजाऱ्यांशीं वैर होत नाहीं.

पहिल्या दिवशीं पात्यासह परंतु पिशव्या रिकाम्या ठेवून नौका चालवून पाहावी. मग एकेक पिशवी, अर्धी अर्धी भरीत जावी, आणि दर वेळीं तळांतलें पाणी व पाण्यावरचा कांठ पाहावा. कोणती पिशवी किती भरली, वेग किती, कोण कोठें बसलें होतें, हें एका वहींत टिपून ठेवावें. पुढच्या खेपेस अर्धा दिवस वांचतो. संध्याकाळीं पिशव्या व टांक्या रिकाम्या करून, तळाचें बूच काढून, सर्व सुकूं द्यावें. झेब्रा शिंपल्यांचीं सूक्ष्म पिलें उरल्यासुरल्या पाण्यांतून एका तळ्यांतून दुसऱ्यांत जातात, आणि एकदां तीं शिरलीं कीं निघत नाहींत. काढलेलें बूच एंजिनाच्या किल्लीसच बांधून ठेवावें, म्हणजे दुसऱ्या दिवशीं तें लावल्यावांचून नौका पाण्यांत जाणार नाहीं.